डार्विनचं टपाल आणि आपलं ‘व्हय साहेब’

गेले दोन-अडीच महिने रात्री जेवणं झाली की मी चार्ल्स डार्विनची पत्रं वाचत बसतो. घरात यावरून थट्टा सुरू झाली आहे. "झालं का त्या म्हाताऱ्याचं टपाल?" असं विचारून मगच माझ्यासमोर चहा येतो. आमच्या आखाडा बाळापुरात रात्री दहानंतर लाईट असली तर असं काहीतरी वाचायला बरं वाटतं, आणि नसली तर मोबाईलवर वाचता येतं. केंब्रिजवाल्यांनी त्याची जवळपास सगळी पत्रं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. फ्रेडरिक बर्कहार्ट नावाच्या एका अमेरिकन गृहस्थानं 1974 साली हे काम सुरू केलं, 1985 साली पहिला खंड आला आणि शेवटी तीस खंड झाले. त्यानं लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून साधारण पंधरा हजार पत्रं, आणि पत्रं लिहिणारी-घेणारी माणसं दोन हजारांच्या आसपास.

मी आधीच सांगतो, सगळी वाचलेली नाहीत, वाचणारही नाही. मला ओढ लागली ती त्याच्या म्हातारपणच्या पत्रांची. 1867 पासून 1882 मध्ये तो गेला तोपर्यंतची पंधरा वर्षं. तोवर ‘माकडापासून माणूस’वाली सगळी भांडणं होऊन गेली होती (शाळेत आपल्याला तेवढाच डार्विन शिकवला). जगभर नाव झालेलं होतं. अशा माणसाची पत्रं म्हणजे मोठमोठ्या तत्त्वांची चर्चा असेल अशा समजुतीनं मी वाचायला घेतली, तर निघालं भलतंच. तुमच्याकडच्या गांडुळांनी वर टाकलेल्या मातीचं वजन किती भरतं? वेल काठीभोवती कुठल्या बाजूनं वळते? लहान मूल रडताना भुवया कशी करतं? पानाचा नेमका कुठला भाग आधी मिटतो? आणि हे सगळं विचारताना आपल्याला त्रास देतोय त्याबद्दल माफी मागायची, उत्तर आलं की आभार मानायचे, आणि त्याच पत्रात पुढचा प्रश्न टाकायचा :)

त्याचा दिवस कसा जायचा हे मुलानं, फ्रान्सिसनं, लिहून ठेवलं आहे. लंडनबाहेर केंट परगण्यात डाऊन नावाच्या खेड्यात 1842 पासून तो राहात होता. सकाळी लवकर उठून फेरी, पावणेआठच्या सुमारास नाश्ता, आठ ते साडेनऊ काम. साडेनऊला दिवाणखान्यात येऊन टपाल बघायचं. कमी टपाल असलं की खूष व्हायचा. घरच्यांची पत्रं सोफ्यावर आडवा होऊन मोठ्यानं वाचून घ्यायचा. मग पुन्हा काम, दुपारी बागेतल्या ठरलेल्या वाटेवर चक्कर, जेवण, पेपर, आणि त्यानंतर पत्रं लिहिणं. शेकोटीजवळच्या भल्यामोठ्या खुर्चीत बसून, खुर्चीच्या दोन हातांवर एक फळी आडवी टाकून लिहायचा. पत्रं जास्त किंवा लांब असली की आधी कच्चं लिहून मग घरच्या कुणालातरी सांगून उतरवून घ्यायचा. कच्चा खर्डा जुन्या हस्तलिखितांच्या आणि प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूवर. पाठकोरे कागद वाया जाऊ न देणारा माणूस मला लगेच घरचा वाटतो. अक्षर मात्र असं, की कधीकधी त्याचं त्यालाच लागायचं नाही.

फ्रान्सिसनं सांगितलेली दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक म्हणजे, त्याला वेड्या, आगाऊ, काहीतरी उकळू बघणाऱ्या लोकांची भरपूर पत्रं यायची आणि त्या सगळ्यांना उत्तरं जायची. उत्तर नाही दिलं तर नंतर मनाला लागून राहतं, असं त्याचं म्हणणं. अशा लोकांसाठी त्यानं एक छापील उत्तर तयार करून घेतलं होतं, पण ते जवळजवळ कधी वापरलंच नाही. दुसरी म्हणजे, परदेशी माणसाला पत्र असलं की लिहून घेणाऱ्याला बजावायचा, अक्षर जरा चांगलं काढ, परक्या माणसाला वाचायचंय.

आणि ती तारेची गोष्ट. आलेली पत्रं तो सळ्यांना टोचून ठेवायचा. वडिलांकडून घेतलेली सवय. सळ्या मोजक्याच होत्या. त्या भरल्या की कित्येक वर्षांची जुनी पत्रं सरळ जाळून टाकायची आणि सळी मोकळी करायची! 1862 च्या आधीची, त्याला आलेली बहुतेक पत्रं अशीच गेली. पुढं कुणीतरी समजावलं तेव्हा महत्त्वाची ठेवायला लागला.

आमच्या घरातल्यांना हे वाचून काय आठवलं असेल ते मला माहीत आहे. आजोबांची ती तार! माजघराच्या खुंटीला टांगलेली, खाली लाकडाची चकती, टोक वाकवलेलं. पोस्टकार्डं, अंतर्देशीय, सोसायटीच्या पावत्या, सगळं एकाच तारेत. मयताचं कार्ड कोपरा फाडून यायचं आणि ते घरात ठेवायचं नाही म्हणून तारेत कधी दिसायचं नाही. (विलायतेत त्या काळी सुतकाच्या पत्राला काळी किनार असायची. म्हणजे पत्र उघडायच्या आधीच कळायची सोय दोन्हीकडं.) ती तार पुढं मोडीत गेली. पत्रं चुलीत गेली असावीत. असो.

तर मुद्द्यावर येतो. या माणसाच्या पत्रात काय आहे जे मला इतकं धरून ठेवतं?

एक उदाहरण देतो. 1882 च्या फेब्रुवारीत, म्हणजे मरायच्या दोन महिने आधी, त्याला नॉर्दॅम्प्टनहून क्रिक नावाच्या माणसाचं पत्र आलं. हा बुटांच्या धंद्यातला, निसर्गाचा नाद असलेला हौशी माणूस. त्याला डबक्यात एक पाणभुंगा सापडला होता आणि भुंग्याच्या पायाला एक बारकं शिंपलं घट्ट चावून बसलेलं होतं. एवढंच. पण डार्विनला हे हवंच होतं. गोड्या पाण्यातलं शिंपलं एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जातं कसं, हा त्याचा 1859 च्या पुस्तकापासूनचा प्रश्न. त्यासाठी त्यानं बदकाचे पाय पाण्यात लोंबते ठेवून बघितले होते. त्र्याहत्तर वर्षांचा, छातीच्या दुखण्यानं बेजार झालेला हा म्हातारा लगेच उत्तर लिहून बारीकसारीक तपशील विचारतो. क्रिकनं भुंगा आणि शिंपलं पाठवूनच दिलं. भुंगा अजून धुगधुगत होता. त्याचे हाल बघवेनात म्हणून डार्विननं लॉरेलची पानं चिरून बाटलीत घातली आणि त्यात भुंगा ठेवला, लवकर सुटावा म्हणून. 6 एप्रिलला ‘नेचर’मध्ये यावर टिपण छापून आलं, त्यात क्रिकचं नाव. 19 एप्रिलला डार्विन गेला. या बूटवाल्या क्रिकचा नातू म्हणजे फ्रान्सिस क्रिक, ज्यानं 1953 साली वॉटसनबरोबर डीएनएची रचना सांगितली. हा योगायोग सगळे सांगतात. मला मात्र त्यापेक्षा हे मोठं वाटतं, की एका दुकानदाराच्या भुंग्यासाठी या माणसानं शेवटची शक्ती खर्च केली आणि छापताना भुंगा कुणाचा ते सांगितलं.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं. जॉन स्कॉट हा स्कॉटलंडचा, शेतकऱ्याच्या घरातला, लहानपणीच पोरका झालेला. एडिंबराच्या वनस्पती उद्यानात माळीकाम करत होता. 1862 साली त्यानं डार्विनला पत्र लिहून ऑर्किडवरच्या पुस्तकातली एक चूक दाखवून दिली. आता विचार करा, आपल्याकडं एखाद्या बागेतल्या माळ्यानं विद्यापीठातल्या मोठ्या प्रोफेसरला असं पत्र टाकलं तर काय होईल? डार्विननं त्याला धरूनच ठेवलं. प्रयोग सुचवले, त्याचा निबंध लिनियन सोसायटीपुढं नेला, आणि एडिंबरात त्याचं जमेना तेव्हा 1864 साली हिंदुस्थानला यायचं जहाजाचं भाडं स्वतः भरलं. स्कॉट कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लागला. मग पुढची कितीतरी वर्षं कलकत्ता ते डाऊन अशी पत्रं चालू. गांडुळांवरच्या पुस्तकासाठी त्यानं बंगालमधली निरीक्षणं पाठवली. उद्यानातली हिरवळ गांडुळांच्या मातीनं इतकी खराब व्हायची की तिच्यावर जवळजवळ रोज रूळ फिरवावा लागे. आणि भातखाचरातलं पुराचं पाणी उतरलं, की बघता बघता सगळं वावर गांडुळांच्या मातीनं भरून जाई. इतके दिवस पाण्याखाली ती जगतात कशी, याचं स्कॉटला फार नवल वाटलं. स्कॉट 1880 साली गेला. पुस्तक ऑक्टोबर 1881 मध्ये आलं, त्यात त्याचं नाव आणि त्याचं काम दोन्ही आहे.

गांडुळांचं पुस्तक हे या सगळ्या टपालाचं शेवटचं पीक म्हणायला हरकत नाही. मूळ विषय 1837 मधला. मामानं शेतात दाखवलं होतं, की वर पसरलेली राख आणि चुना काही वर्षांत आपोआप खाली जातो. त्यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षं विचारपूस चालू. भाची-पुतण्या, शाळूसोबती, बागवान, जमीनदार, सगळे कामाला लावलेले. नात्यातल्या एका मुलीनं स्वेटर विणायच्या सुया बिळांत घालून बिळं किती तिरपी जातात ते मोजून पाठवलं. घरात फ्रान्सिस गांडुळांपुढं बसून वाजवायचा, त्यांना ऐकू येतं का बघायला. येत नाही. हिशेब निघाला तो असा, की इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. आपल्याकडं कणा नसलेल्या माणसाला गांडूळ म्हणतात. म्हणणाऱ्यानं हा आकडा एकदा वाचावा.

बाकीचं पटकन सांगतो. वॉलेस, म्हणजे ज्याला डार्विनच्याच वेळी तीच कल्पना सुचली होती तो, म्हातारपणी पैशाला महाग झाला. त्याला सरकारी पेन्शन मिळावी म्हणून डार्विननं एकेकाला गाठून सह्या गोळा केल्या. जवळचा मित्र हूकर आधी नाही म्हणाला होता, तरी सोडलं नाही. 1881 च्या जानेवारीत वर्षाला 200 पौंड मंजूर झाले. ब्राझीलमध्ये फ्रिट्झ म्युलरच्या गावाला पूर आला असं कळल्यावर पुस्तकं-उपकरणं भरून काढायला 100 पौंड देऊ केले, तेही त्याच्या भावामार्फत, म्हणजे त्याला अवघड वाटू नये. बेलफास्टचा टॉरबिट नावाचा एक व्यापारी करप्याला दाद न देणारा बटाटा तयार करायच्या मागं होता. आयर्लंडात 1845 पासून बटाट्याच्या करप्यानं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. सरकार पैसे देईना तेव्हा 1878 साली डार्विननं स्वतः शंभर पौंड घातले आणि मित्रांकडून आणखी मिळवले. टॉरबिट आज कुणाला आठवत नाही. पण हळदीच्या पानावर करपा बघितलेल्या माणसाला ही पत्रं परकी वाटत नाहीत.

आता नगरकडं येतो, कारण हा लेख खरं तर त्याच्यासाठी लिहायला घेतला.

1867 च्या सुमारास डार्विननं एक प्रश्नावली काढली. माणसाच्या चेहऱ्यावर राग, लाज, भीती, आश्चर्य जे उमटतं ते जगभर सारखं की देशोदेशी वेगळं? सोळा-सतरा प्रश्न. आश्चर्य वाटलं की डोळे आणि तोंड उघडतं का, लाजल्यावर चेहरा लाल होतो का आणि ती लाली कुठपर्यंत उतरते, ‘नाही’ म्हणताना मान कशी हलते, असे. खाली बजावून सांगितलेलं, की आठवणीतून सांगू नका, आठवण दगा देते. प्रत्यक्ष बघा आणि काय प्रसंग होता ते लिहा. हा कागद ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, मलाया असा सगळीकडं गेला. छत्तीस उत्तरं आली. 1872 साली भावनांवरचं पुस्तक निघालं त्यात कुणी काय कळवलं ते आहे.

त्यातला एक कागद आला आपल्या अहमदनगरला (आता अहिल्यानगर). तिथं एच. अर्स्किन नावाचा अंमलदार होता. त्यानं नगर जिल्ह्यातल्या लोकांचे चेहरे मन लावून बघितले आणि डार्विनला कळवलं, की खात्रीनं सांगता येईल असं काही हाती लागणं फार अवघड आहे, कारण हे लोक गोऱ्या माणसासमोर आपल्या सगळ्या भावना लपवूनच ठेवतात. सवयच आहे त्यांची. मग त्यानं कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांना विचारलं, आणि काही बाबतींत इथल्याच काही शहाण्या गृहस्थांचा सल्ला घेतला.

हे वाचून मी त्या रात्री मोबाईल बाजूला ठेवला. सगळ्या पंधरा हजार पत्रांत मला आपलं असं वाटलेलं हे पहिलं वाक्य, आणि ते काय सांगतं, तर तुमच्यासमोर आम्ही चेहरा पाडूनही दाखवणार नाही.

अर्स्किन प्रामाणिक माणूस असला पाहिजे. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर चार खोटीनाटी निरीक्षणं लिहून मोकळा झाला असता. त्यानं बघितलं ते खरंच होतं. ज्याच्या हातात शेतसाऱ्याचं दप्तर आहे, जो तुरुंगात टाकू शकतो, त्याच्यासमोर नगरचा कुणबी डोळे विस्फारेल कशाला आणि लाजेल कशाला? तो हात जोडून उभा राहील आणि दगडासारखा चेहरा ठेवील. डार्विनच्या दृष्टीनं हा माहितीतला अडथळा होता. मला विचाराल तर नगरहून गेलेलं सगळ्यात पक्कं निरीक्षण हेच.

आणि ते शहाणे गृहस्थ? स्कॉटचं नाव आहे, क्रिकचं आहे, अर्स्किनचं आहे, वेस्टचं आहे. ज्यांच्याकडून माहिती घेतली ते नगरचे लोक मात्र नुसते ‘काही शहाणे एतद्देशीय गृहस्थ’. कोण असतील? शाळेचे हेडमास्तर? कचेरीतले कारकून? वकील? दोन-तीन लोक बसले असतील अर्स्किनच्या बंगल्याच्या व्हरांड्यात, आणि साहेबानं विचारलं असेल, की तुमच्यात बाई लाजली की काय करते. त्यांना तरी खरं सांगावंसं वाटलं असेल का? यात डार्विनचा दोष मी काढत नाही. त्याच्यापर्यंत नावं पोचलीच नसतील. पण एडिंबराच्या माळ्याला मिळालेली जागा नगरच्या शिकलेल्या माणसाला मिळाली नाही, हे खरं आहे. माळी डार्विनला थेट लिहू शकत होता, तुमचं चुकलं म्हणू शकत होता. नगरकरांच्या आणि त्याच्या मध्ये एक अंमलदार बसलेला होता.

तुम्ही म्हणाल, दीडशे वर्षांपूर्वीचं काय उगाळतोस. तर नाही. गेल्या खरिपाआधी आमच्या भागात शेतकऱ्यांची एक बैठक झाली. कुठल्या कार्यालयाची ते जाऊ द्या. हळदीच्या कंदकुजीबद्दल माहिती गोळा करायची होती. मंडपात खुर्च्या, पुढं टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि हातात एक छापील तक्ता. क्षेत्र किती, बेणं कुठलं, औषध कुठलं मारलं, किती वेळा. साहेब चांगले होते, खोटं कशाला बोलू. शांतपणे विचारत होते. पण समोरून एकच. "व्हय साहेब." "मारलं साहेब." "दोनदा मारलं साहेब." तक्ते भरले, फोटो निघाले, संपलं.

त्यानंतर स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा प्यायला तीच मंडळी. तिथं काय ऐकू यावं? एक जण सांगत होता, की कूज पहिल्यांदा दिसली ती वावराच्या खालच्या अंगाला, जिथं गादीवाफा बसला होता आणि पाणी तुंबत होतं, तिथूनच ती सरळ वर सरकली. दुसऱ्याचं म्हणणं, त्यानं एकाच वावरात दोन ठिकाणचं बेणं लावलं होतं आणि एका बेण्याला जास्त लागली. तिसऱ्यानं कुठल्या आठवड्यात पान पिवळं पडायला लागलं ते सणावरून सांगितलं, पोळ्याच्या आधी की नंतर असं. हे सगळं मोजता येण्यासारखं आहे. क्रिकच्या भुंग्याइतकंच नेमकं आहे. मी विचारलं, मामा, हे मघाशी का नाही सांगितलं? तर म्हणाले, "आरं बाबा, त्यांच्या कागदावर तेवढी जागाच न्हवती. अन् साहेबाला काय सांगावं? उद्या म्हणतेत, तुमचंच चुकलं."

नगरच्या लोकांनी अर्स्किनला जे केलं तेच आम्ही करतो. साहेब आता आपल्यातलेच आहेत, मराठीच बोलतात, तरीही.

म्हणून मला वाटतं, डार्विनच्या या रोजच्या टपालात शिकण्यासारखं आहे ते प्रश्न कसा विचारावा हे. त्याच्या पत्रात विचारणारा खालच्या पाटावर बसलेला असतो. तुम्हाला माहीत आहे, मला नाही. तुमच्या सवडीनं सांगा. जमलं नाही तरी चालेल. आणि सांगितलंत तर तुमच्या नावावर लिहीन. पुढं ते नाव खरोखर छापलेलं दिसतं, म्हणून लोक पुन्हा लिहितात. आपल्याकडं माहिती मागायची म्हणजे तक्ता पाठवायचा. तक्त्यात शेतकऱ्याचं नाव असतं, आधार नंबर असतो, पण त्यानं सांगितलेली गोष्ट कुठं नसते.

आता एक आक्षेप मीच घेतो, नाहीतर आमचे पुण्याचे मेहुणे घेतीलच. डार्विन बापजाद्यांचा पैसा असलेला माणूस. नोकरी नाही, कुणाची हाजी-हाजी नाही. बायको एमा आणि मुलं-मुली पत्रं उतरवून द्यायला. घरात नोकरचाकर. असं असल्यावर कुणीही रोज दुपारी फळी टाकून पत्रं लिहील! मान्य. शंभर टक्के मान्य. पण पैसा असलेले आणि रिकामे असलेले लोक आपल्याकडं काय कमी आहेत? रिटायर झालेले मास्तर, तलाठी, बँकवाले प्रत्येक गावात आहेत, आणि सगळ्यांच्या हातात असा फोन आहे की डार्विनच्या भुंग्याचा फोटो क्षणात इंग्लंडला जाईल. दिवसभर फोन वाजतो. त्यात सुप्रभात आहे, श्रद्धांजली आहे, कुणीतरी कुठूनतरी पुढं ढकललेलं ज्ञान आहे. ‘तुमच्याकडं काय दिसतंय?’ असा प्रश्न मला तरी वर्षभरात आलेला आठवत नाही.

तशी आपल्याकडं ही रीत अगदीच नव्हती असं नाही. डार्विन गेल्यावर पुढच्याच वर्षी, 15 सप्टेंबर 1883 ला, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. आठ जण जमले, त्यातले दोन आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. 1886 पासून तिचं जर्नल निघतं आणि त्यात किरकोळ टिपणांचं सदर आहे. अमक्या तारखेला अमक्या तळ्यावर अमका पक्षी बघितला, सही, गाव. मोठ्या लेखांपेक्षा मला ती टिपणं वाचायला जास्त आवडतात. पण ती इंग्रजीत. आमच्या मामांची पोळ्याच्या आधीची पिवळी पानं तिथं कशी पोचणार?

आमचे थोरले चुलते आता ऐंशीच्या पुढं आहेत. स्कॉटची ती भातखाचराची गोष्ट मी त्यांना मराठीत करून सांगितली. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यात काय नवल? नदीकाठच्या वावरात आम्ही पाणी उतरल्यावर तेच बघायचो. गोळ्या-गोळ्यांची माती वर आली की समजायचं, वापसा जवळ आला." म्हटलं, आता दिसतं का? तर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, खालच्या तुकड्यात दिसतं, वरच्या तुकड्यात बरीच वर्षं दिसलं नाही. किती वर्षं ते काढायला लागले, तर धाकट्या आत्याच्या लग्नापासून धरून बैलजोडी विकली तिथपर्यंत आले आणि तिथं गाडी थांबली. त्यांचं म्हणणं बरोबर की चूक मला ठाऊक नाही. पण दोन तुकडे, एकच माणूस, साठ-पासष्ट पावसाळे. ते मी वहीत लिहून घेतलं, तारीख घातली, आणि त्यांचं पूर्ण नाव घातलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून बोलावून आणखी दोन गोष्टी सांगितल्या, हुमणीच्या.

तर मंडळी, आता तुमच्याकडं काम आहे. नांदेडच्या मावशी, कळमनुरीचे दाजी, आणि ज्यांचं शेत आहे ते सगळे ब्लॉगवाले मित्र. यंदा पाऊस लागला आणि वावरात पाणी साचून उतरलं, की तिसऱ्या दिवशी जाऊन बघा. गांडुळांनी वर टाकलेली माती दिसते का? हातभर लांब-रुंद जागेत किती ढिगल्या? वावर नांगरलेलं होतं की पडीक, शेणखत शेवटचं कधी टाकलं, तणनाशक मारलं होतं का? दिसलं नाही तर ‘नाही दिसलं’ असंही कळवा, त्याचीही मला तेवढीच गरज आहे. आठवणीतून सांगू नका. घाई नाही, सवडीनं कळवा. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण पोस्टकार्ड आलं तर जास्त आनंद होईल. नवी तार करून घेतली आहे. आणि ज्यानं बघितलं त्याचं नाव लिहा. सालगड्यानं बघितलं असेल तर सालगड्याचं.